चहा पिऊन येतो

लखनौला माझे जे घरमालक होते ते कुठलीही गोष्ट दोनदा सांगत नसत. पहिल्या दिवशी खोली दाखवताना त्यांनी सगळे नियम एका दमात सांगून टाकले. दिवे, कचरा, फाटकाची कडी, पाण्याची मोटर. मी तेव्हा खिडकीतून दिसणाऱ्या मेट्रोकडे बघत होते, त्यामुळे मोटरचा नियम डोक्यात शिरलाच नाही. "मोटरचं काय म्हणालात काका?" मी विचारलं. "सांगितलं की," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले. दुसऱ्या दिवशी गच्चीवरची टाकी भरून वाहिली आणि शेजाऱ्यांनी वाळत घातलेले सगळे पापड भिजले. काकांनी खाली जाऊन मोटर बंद केली, शेजाऱ्यांची बोलणी ऐकून घेतली, पण नियम काही परत सांगितला नाही. तो मला मागाहून काकूंनी सांगितला.

मी तेव्हा अमौसीच्या विमानतळावर एका एअरलाइनच्या ग्राउंड स्टाफमध्ये होते. गेटवर उभं राहून अमुक विमानाची ही शेवटची सूचना आहे असं हिंदीत एकदा, इंग्रजीत एकदा बोलायचं आणि मग सगळं परत पहिल्यापासून. हे कळल्यावर काकांना फार मजा वाटली. "म्हणजे तुम्हाला दोनदा बोलायचा पगार मिळतो," ते म्हणाले. तेव्हापासून मी त्यांची 'मॅडम' झाले. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही कोण जाणे.

एकदा चारबाग स्टेशनहून घरी येताना त्यांनी ई-रिक्षावाल्याला 'आलमबाग' असं एकदाच सांगितलं. त्या भैयाला ऐकू गेलं नाही आणि रिक्षा निघाली ती उलटीकडे, हजरतगंजच्या रस्त्याला. एखादा माणूस काही बोलेल की नाही? हे शेवटपर्यंत गप्प बसून राहिले, हजरतगंजला उतरले, त्याचं भाडं दिलं आणि तिथून चालत घरी आले. काकू दारातच म्हणाल्या, "अहो, भैयाला परत सांगायचं ना!" काका म्हणाले, "एकदा सांगितलं होतं," आणि गरम पाण्यात पाय बुडवून बसले. जेवतानाही दुसऱ्यांदा वाढून घेत नसत. लागेल तेवढं पहिल्यांदाच ताटात घ्यायचं, मग भाताखाली वाटी दिसेनाशी झाली तरी चालेल. चहाही एकच, पण तो एवढ्या मोठ्या पितळी पेल्यात की आमच्या घरी त्यात चौघांचा झाला असता.

आणि असा हट्टी माणूस, पण एका जागी बसेल तर शपथ. पेपर वाचायचे तोही अंगणात येरझाऱ्या घालत. रविवारी गोमती नगरला मुलाच्या फ्लॅटवर जायचे, सोफ्याच्या कडेवर टेकायचे, सुनेनं पाणी आणेपर्यंत 'निघू या' म्हणून उठायचे. हात तर सारखे चालूच. उजव्या हाताची बोटं टेबलावर, फाटकावर, मेट्रोच्या दांड्यावर, जे मिळेल त्याच्यावर धावत असायची. डावं कोपर अंगापासून लांब जायचं आणि परत अंगाशी यायचं. मला वाटलं कसला तरी आजार असेल. मी त्यांच्या मुलाला हळूच म्हटलं की एकदा दाखवून घ्या. हा मुलगा मराठी सगळं समजायचा आणि उत्तर हिंदीत द्यायचा. तो हसला. "अरे नहीं, पापा का तो शुरू से है. मम्मी कहती हैं ये बीमारी नहीं, म्यूज़िक है."

म्युझिक म्हणजे काय ते मला काकूंनी सांगितलं, तेही एका दमात नाही. काकूंचं सगळंच निवांत. त्यांचे वडील नागपूरहून रेल्वेच्या नोकरीसाठी आलेले, काकू इथेच जन्मल्या, इथेच वाढल्या. त्यांची मराठी लखनवी चालीची होती. मला 'बेटा' म्हणायच्या, भाजीला सब्जी म्हणायच्या, आणि रागावल्या तरी समोरच्याला बरं वाटेल असं रागवायच्या. वाटाणे सोलता सोलता एक दिवस त्यांनी पहिला भाग सांगितला, दुसरा भाग कधी तरी गाजर किसताना.

काका मूळचे मिरजेकडचे. तरुणपणी ते एका ऑर्केस्ट्रात अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे. काका त्याला ऑर्केस्ट्रा म्हणत नसत, 'पार्टी' म्हणत. ती पार्टी त्या काळात गाजलेली होती. लाल कोट, निवेदकाचे विनोद, मेटॅडोर गाडी आणि गावोगावचे गणपती. पार्टीत मालकांचा शब्द शेवटचा. लोकांनी 'वन्स मोअर' असा कितीही ओरडा केला तरी तो घ्यायचा की नाही हे गाणाऱ्याच्या किंवा वाजवणाऱ्याच्या हातात नव्हतं. तो आधी मालकांकडे बघायचा. मालकांनी एक बोट वर केलं की घ्यायचा, तळहात खाली दाबला की पुढचं गाणं.

अशी ती पार्टी लखनौच्या मराठी मंडळाच्या गणपतीत आली. मध्यंतरानंतर काकांनी एकट्यानं एक पीस वाजवला, त्यांचा स्वतःचा, बिननावाचा.

"मैं तो एकदम सामने बैठी थी, पहिल्या रांगेत," काकू म्हणाल्या. "असा वाजवला, बेटा, असा वाजवला, की मला आपण कुठे बसलोय तेच कळेना. संपल्यावर आजूबाजूचे लखनवी लोक हळू आवाजात 'मुकर्रर, मुकर्रर' म्हणत होते, म्हणजे पुन्हा एकदा. इथली तहजीब ना. मी मात्र उभी राहिले आणि ओरडले, वन्स मोअर! अख्ख्या हॉलमध्ये एकटी. बाबूजींनी माझा पदर धरून खाली बसवलं."

"मग?"

"मग काय. यांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी हात खाली केला. उशीर झाला होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्टी कानपूरला निघाली. रात्री तिथे प्रयोग होता. कानपूरचा रस्ता आलमबागवरून जातो. बस अड्ड्याजवळ गाडी डिझेलसाठी थांबली, तेव्हा काका मालकांना म्हणाले, "चहा पिऊन येतो." उतरले आणि परत गाडीत चढलेच नाहीत. मेटॅडोर किती वेळ हॉर्न वाजवत होती, आणि हे एका भिंतीमागे उभे होते. अंगावरचे कपडे सोडून जवळ काही नाही. अ‍ॅकॉर्डियन पार्टीचा, तो गाडीत. संध्याकाळी पत्ता विचारत विचारत हे काकूंच्या दारात हजर.

"बाबूजींनी विचारलं, काय काम आहे? तर हे म्हणाले, तुमच्या मुलीचा एक वन्स मोअर राहिलाय, तेवढा द्यायला आलोय. आणि हात रिकामे!" काकू एवढ्या हसल्या की वाटाणे सांडले.

मग वडिलांनी आधी हाकललं, नंतर नोकरीची अट घातली. काका एका सरकारी कारखान्यात स्टोअर्समध्ये चिकटले, आणि पुढे लग्न झालं. घरही बांधलं ते आलमबागेतच, गाडीतून उतरले त्या जागेपासून हाकेच्या अंतरावर. मी म्हटलं, मग त्यांनी तो पीस वाजवला असेलच की तुमच्यासाठी. काकूंनी मान हलवली. काकांनी पुन्हा अ‍ॅकॉर्डियनला हात लावला नाही. लखनौच्या हवेत सूर टिकत नाहीत म्हणायचे. मुलानं पहिल्या पगारात आणून देतो म्हटलं तर अंगणात जाऊन येरझाऱ्या घालू लागले.

"माझ्यासाठी गाव सोडलं, पार्टी सोडली, आयुष्यभर नट-बोल्ट मोजले," काकू म्हणाल्या. "सगळं दिलं. मागितलं होतं तेवढं मात्र दिलं नाही."

हे त्या हसत हसतच म्हणाल्या. माझ्याच्यानं हसवलं नाही.

मी राहायला गेले तेव्हाच काकूंचे कान कमी झाले होते. डावा गेलेलाच होता, उजव्यात मशीन. ते मधूनच शिट्टी मारायचं आणि काकू 'कुकर झाला वाटतं' म्हणून उठायच्या. आता बायकोला ऐकू येत नाही आणि नवरा दोनदा बोलत नाही, तेव्हा घरात काय होत असेल विचार करा. सुरुवातीला तो भार माझ्यावरच पडायचा. मी जिन्यातून उतरले की काका म्हणायचे, "मॅडम, ते गॅसचं मघाशी मी बोललो, तेवढं त्यांना सांगा." पण पुढे माझ्या लक्षात आलं की त्यांनी स्वतःचाही एक मार्ग काढला होता. काही बोलायचं असलं की ते काकूंच्या पुढ्यात जाऊन उभे राहायचे, खांद्याला एक बोट लावायचे, काकूंनी चेहरा वर केला की मग बोलायचे. एकदाच. पण त्यांना कळेल असं.

एक दिवस मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक पोस्टर आलं. ती पार्टी, कधीच बंद पडलेली, मालकांच्या मुलीनं पुन्हा उभी केली होती. जुन्यांपैकी जेवढे हिंडू-फिरू शकत होते तेवढे गोळा करून दौरा काढला होता. इंदूर, ग्वाल्हेर आणि मग लखनौ. रविवारी दुपारी, मंडळाच्या हॉलमध्ये. पोस्टरवर सगळी म्हातारी माणसं लाल कोट घालून ओळीत उभी होती. पुढे एका स्टुलावर काळा अ‍ॅकॉर्डियन ठेवलेला.

मी तो फोटो मोठा करून काकांपुढे धरला. ते अंगणात कठड्यावर बोटं चालवत उभे होते. फोटो बघितला आणि त्यांची बोटं थांबली. इतक्या दिवसांत मी ती थांबलेली कधी बघितली नव्हती.

"कोट तेच शिवलेत," ते म्हणाले. "कापड मात्र हलकं दिसतंय." आणि आत गेले.

त्यानंतरचे आठवडे कसे गेले ते मलाच माहीत. गेटवर मी असली माणसं रोज बघते. चढायचं की नाही, फोन घ्यायचा की नाही, पाणी प्यायचं की नाही. दार बंद झालं की मग पळत सुटतात. पण काकांनी सगळ्यांवर कडी केली. सकाळी ठरायचं, जायचं. लाँड्रीत सूट जायचा. दुपारी जिन्यात पावलं वाजायची.

"मॅडम, म्हातारी माणसं कशाला बघायची? कुणाचे दात न्हाईत, कुणाचा आवाज न्हाई. आहे तसं डोक्यात राहू दे की."

"नका जाऊ मग."

हे ऐकून ते रागानं खाली जायचे आणि संध्याकाळी केस कापून यायचे. दुसऱ्या दिवशी नवीनच शंका. अ‍ॅकॉर्डियन आता कुणी वाजवत नाही, एक पोरगा की-बोर्डवर तेच आवाज काढतो म्हणे. "बटण दाबलं की भाता! त्याला भाता म्हणायचं?" मग आणखी एक दिवस, "त्या रविवारी मुंबईचं विमान कितीला हाय?" मी विचारलं, मुंबईला काय आहे? म्हणाले, काही नाही, सहज. मुलगा फोनवर वैतागायचा, "पापा, डिसाइड कर लीजिए ना, मैं गाड़ी ले आऊँगा." काका फोन माझ्या हातात द्यायचे, जसं काही ठरवायचं मलाच होतं.

आणि एका संध्याकाळी जिन्यातच त्यांनी विचारलं, "मालक येणार हायत का?"

मी मंडळात विचारून सांगितलं, येणार आहेत. फार थकलेत, पण स्टेजवर खुर्चीत बसतात. ते "बरं" म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी मी ड्युटीला निघाले, तर फाटकापाशी उभे. "मॅडम, मालक येणार हायत का?"

मी चाट पडले. या माणसानं माझ्यासमोर एकच गोष्ट पहिल्यांदाच दोनदा विचारली होती. तेव्हा मला कळलं की हा घोळ दातांचाही नाही आणि की-बोर्डचाही नाही.

काकू मात्र एका शब्दानं 'चला' म्हणाल्या नाहीत. त्याच आठवड्यात मी त्यांना गोमती नगरच्या कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. डॉक्टर माझ्याशी बोलले. उजवाही चालला आहे, मशीनचा फार उपयोग उरणार नाही, आता आहे ते आहे. मी बाहेर येऊन काकूंना काय सांगावं याची जुळवाजुळव करत होते, तर त्याच म्हणाल्या, "मला समजलं, बेटा. तुझ्या तोंडावरच लिहिलंय." येताना त्यांनी मशीनच्या बॅटऱ्या घेतल्या. "इतवारला नवी टाकीन," म्हणाल्या. "गेलोच तर."

हे मी काकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फाटकाची कडी काढली, लावली, काढली, लावली.

रविवार उजाडला. मी सुट्टी टाकली होती. काका सकाळी सूट घालून बसले, अकराला काढून ठेवला, जेवून परत घातला. काकूंनी जांभळी बनारसी नेसली, मशीनला नवी बॅटरी टाकली आणि बाहेरच्या खोलीत हातात रुमाल घेऊन बसल्या. मुलगा गाडी घेऊन आला. सगळे दारात उभे राहिलो, तेवढ्यात काका काकूंसमोर गेले, खांद्याला बोट लावलं आणि म्हणाले, "चहा पिऊन येतो."

काकूंचा चेहरा पांढरा पडला. त्या परत खुर्चीत जाऊन बसल्या.

अर्धा तास गेला. मुलगा घड्याळ बघत होता. "मम्मी, छोड़िए, वो नहीं आएँगे," तो म्हणाला. काकूंना ते ऐकू आलं नसावं, किंवा आलंही असेल. माझं डोकं फिरलं. मी चपला घातल्या आणि बस अड्ड्याकडे निघाले. दुसरीकडे कुठे जाणार होते ते?

तिथेच होते. बसच्या गर्दीत, कंडक्टर 'कानपूर, कानपूर' ओरडत होते, आणि हे सूट घालून चहाच्या टपरीजवळ उभे. हातातल्या मातीच्या कुल्हडमधल्या चहावर साय धरलेली.

"काका, हे काय चाललंय?" मी ओरडलेच. टपरीवरची माणसं वळून बघायला लागली.

"मॅडम, कानपूरला काय झालं ते तुम्हाला ठाऊक न्हाई." ते माझ्याकडे बघत नव्हते, रस्त्याकडे बघत होते. "अ‍ॅकॉर्डियन न्हाई म्हणून लोकांनी दंगा केला. अर्ध्यात पडदा पाडला. मालकांनी स्टेजवर उभं राहून हात जोडले. मला नंतर पार्टीतल्या काँगोवाल्यानं कळवलं. सख्ख्या मुलासारखा ठेवला होता मला त्यांनी. आता कुठल्या तोंडानं समोर जाऊ?"

"आणि म्हणून काकूंना वाजवून दाखवलं नाहीत कधी?"

"त्या हातानं कसं वाजवायचं?" ते म्हणाले.

मला त्यांची दया आली आणि रागही आला, आणि राग जास्त होता. एका दिवसाच्या अपराधासाठी या माणसानं स्वतःला शिक्षा केली ते ठीक, पण ती भोगली दुसऱ्याच कुणी तरी.

"काका," मी म्हटलं, "मी हे एकदाच सांगणार आहे. काकूंचा उजवा कान आज चालू आहे. उद्याचं डॉक्टरांनाही माहीत नाही. गेट बंद होतंय."

त्यांनी कुल्हड खाली ठेवला. माझ्यापुढे चालायला लागले, आणि इतके भराभर की मला पळावं लागलं.

पण व्हायचं ते झालंच. रस्त्यात कसली तरी मिरवणूक निघाली होती, गाडी मुंगीच्या पावलानं सरकत होती. काका पुढच्या सीटवर गुडघ्यांवर बोटं आपटत होते. मागे काकू रुमालाच्या घड्या घालत होत्या. आम्ही हॉलच्या आवारात शिरलो तेव्हा माणसं बाहेर पडत होती. रुमालानं वारा घेत, 'जुनं ते वेगळंच' म्हणत. प्रयोग संपला होता.

मुलगा म्हणाला, "चलिए, घर चलते हैं." काकूंनी दार उघडलं आणि उतरल्या. त्या उतरल्या म्हणून काका उतरले.

हॉलमध्ये मंडळाची माणसं खुर्च्या एकात एक घालून भिंतीशी लावत होती. स्टेजवर लाल कोटातले म्हातारे वायरी गुंडाळत होते, एक पोरगा की-बोर्ड पिशवीत भरत होता. आणि कडेला खुर्चीत मालक बसले होते. अगदी वाळलेले, मांडीवर सत्काराची शाल आणि नारळ. मुलगी त्यांना औषध देत होती. स्टुलावर तो अ‍ॅकॉर्डियन.

काका पायऱ्या चढून त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस एका जागी स्थिर उभा होता. मालकांनी मान वर करून बघितलं. खूप वेळ बघत होते. मला वाटलं, यांना ओळख पटलेली नाही, आता कुणी तरी नाव सांगायला हवं.

मग मालक म्हणाले, "झाला का चहा?"

काकांचे खांदे हलायला लागले. त्यांनी मालकांचे पाय धरले. "झाला," ते कसेबसे म्हणाले. "जरा वेळ लागला."

"ऊठ." मालकांचा आवाज इतका बारीक होता की मला पुढे सरकावं लागलं. त्यांनी मागून येणाऱ्या काकूंकडे बघितलं. "हिच्यासाठी उतरलास ना? मला तेव्हाच कळलं होतं. माझंच चुकलं. एक वन्स मोअर दिला असता तर अख्खा अ‍ॅकॉर्डियनवाला वाचला असता." लाल कोटातले म्हातारे वायरी टाकून जवळ आले. मालकांनी स्टुलाकडे हात केला. "भाता दरवर्षी बघून घेतो. घे."

काकांनी अ‍ॅकॉर्डियन उचलला. पट्टा खांद्यावर बसेना, कुणी तरी मागून नीट केला. काकू पायऱ्या चढून आल्या होत्या. काका त्यांच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले आणि नेहमीसारखं खांद्याला एक बोट लावलं. काकूंनी चेहरा वर केला. मग एक हात पुढे करून त्यांनी तो अ‍ॅकॉर्डियनच्या लाकडावर ठेवला.

खरं सांगते, फार चांगलं वाजलं नाही. बोटं अडखळत होती, एक पट्टी दाबली की वर येत नव्हती, भात्यातून दम लागल्यासारखा आवाज येत होता. एके ठिकाणी ते चुकले आणि मागे न जाता तसेच पुढे गेले. खाली खुर्च्यांची खडखड चालूच होती, मग ती एकेक करून थांबली. काँगोवाले म्हातारे स्वतःच्या मांडीवर ठेका धरत होते. काकूंचे डोळे मिटलेले. त्यांना कानानं किती पोचत होतं आणि हातानं किती, मला माहीत नाही. त्यांचा मुलगा माझ्या शेजारी उभा होता. सगळं आयुष्य टेबलावर, फाटकावर जे नुसतं बघितलं होतं ते त्याला आता ऐकू येत होतं. तो लहान मुलासारखा रडत होता, आणि मीही.

पीस संपला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, वाजवायच्या की नाही ते कुणाला कळेना.

काकूंनी डोळे उघडले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं मोठ्यानं, हॉलच्या शेवटच्या भिंतीपर्यंत जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "वन्स मोअर!"

आणि काकांनी मालकांकडे पाहिलं. नोकरी झाली, लग्न झालं, घर झालं, मुलगा मोठा झाला, पण पार्टीची सवय गेली नव्हती. आम्हीही सगळे तिकडेच बघायला लागलो. मालकांचा हात मांडीवरच्या शालीवरून वर उचलला गेला. तो इतका थरथरत होता की तळहात आता खाली येणार की काय, तेच कळेना.

मग त्यांनी एक बोट वर केलं.

काकांनी भाता उघडला.